नळाजवळची गाडी

चष्मेवाले रविवारी घरी येणार हे ठरलं आणि त्या दिवसापासून घरात कोणी कोणाशी सरळ बोलेनासं झालं. दादा बोलायचा धाकट्या भावाशी, पक्कडशी, पण ऐकू जावं बेबीला. वहिनी बोलायची भांड्यांशी, पण ऐकू जावं दादाला. आई कोणाशीच बोलत नव्हती. आपल्याला हल्ली कमी ऐकू येतं असं तिनं दिवाळखोरी जाहीर करावी तसं जाहीर करून टाकलं होतं, आणि त्यानंतर तिच्याकडे कोणाची काही वसुली निघत नव्हती.

बेबी म्हणजे कोणी कुकुलं बाळ नव्हे. चाळिशी कधीच मागे पडली होती. पाळण्यात असताना कोणीतरी लाडानं ‘बेबी’ म्हटलं, ते नाव तिथेच चिकटलं, आणि मग ते खरवडून काढायला कोणाला सवड झाली नाही. दोन भावांच्या मध्ये ती. वर दादा, खाली पक्कड. पक्कडला पक्कड म्हणायचे कारण त्यानं एकदा एखादी गोष्ट धरली की ती सुटत नसे. मात्र त्याला काय धरायचं हे दुसऱ्यानं सांगावं लागे. घरातल्या भांडणात तो नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने असायचा. म्हणून सगळे शेवटी बोलायला धडपडायचे.

घराचा धंदा जुन्या मोटारसायकलींचा. भंगारात गाड्या घ्यायच्या, मागच्या अंगणात खोलायच्या, आणि त्यांचे सुटे भाग फोनवरून विकायचे. दादा आणि पक्कड खोलायचे. पक्कड फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. पुढचं सगळं बेबीचं: वर्णन लिहायचं, भाव लावायचा, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची, पार्सलं बांधायची. दादाच्या मते धंदा तो चालवत होता. बेबीनं कधी त्याचं मन मोडलं नव्हतं.

बाकीचे विक्रेते लिहायचे, ‘एकदम कडक माल, एकदा बघाल तर बघतच राहाल.’ बेबी लिहायची, ‘आरसा. डावा. खालच्या कोपऱ्यात डाग आहे. डागातून काही दिसत नाही, बाकीच्यातून मागची गाडी दिसते.’ याच आरशावर एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, डाग केवढा आहे. बेबीनं लिहिलं, बघणारा खुशीत असेल तर लहान, नसेल तर मोठा. त्यावर गिऱ्हाइकानं आरसा घेतला. मग उजवा आरसा घेतला. मग इंडिकेटर, क्लचची तार, पाय ठेवायची रबरं. दर वेळी त्याचा एकच प्रश्न असायचा, हे माझ्या गाडीला बसेल का. बसणारच असायचं, हे त्यालाही ठाऊक असायचं. गिऱ्हाईक चष्म्याच्या दुकानाचा मालक निघाला, दुसऱ्या शहरातला, एकटा. मग एक दिवस त्यानं लिहिलं की आता गाडीत बदलायला काही उरलेलं नाही, तरी मी येऊन भेटलो तर चालेल का.

इथून घरात फळी पडली.

दादा म्हणायचा, माणूस लांबचा आहे, माहितीचा नाही, आणि गिऱ्हाइकाला घरात घ्यायचं नसतं, फाटकावर माल द्यायचा असतो. खरं कारण सगळ्यांनाच माहीत होतं. बेबी गेली तर विकणार कोण? पण ते बोलून दाखवलं असतं तर धंदा कोण चालवतं हे उघडं पडलं असतं, म्हणून दादा माणसाच्या लांब असण्यावरच अडून बसला होता. वहिनी बेबीच्या बाजूने होती. बाईच्या जातीला तिचं तिचं आयुष्य असतं असं ती भांड्यांना रोज सांगायची. गेल्या आठवड्यात ती बेबीच्या खोलीत नुसतीच उभी राहून भिंती बघत होती, आणि इथे शिवणयंत्र किती छान मावेल असं तिच्या तोंडून निघून गेलं होतं.

आणि बेबीला काय हवं आहे हे बेबीनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर घशाशी आलेलं ते सगळं बाहेर पडलं असतं याची तिला स्वतःलाच धास्ती होती.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. चष्मेवाले आले तेव्हा दारात वहिनी होती. बेबी आत आरशासमोर केसांची तीच बट तिसऱ्यांदा मागे सारत होती, म्हणून तिनं फक्त गाडीचा आवाज ऐकला. आवाज छान होता. कुठे खडखड नाही, कुठे खोकला नाही. मग वहिनीचा पाहुण्यांसाठीचा गोड आवाज आला: उन्हात कशाला लावताय, सीट तापेल, मागे घ्या ना अंगणात, सावलीत.

वहिनी या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती की अंगणाचा नियम तिला झोपेतही म्हणून दाखवता आला असता. फाटकाजवळ उभी असेल ती गाडी गिऱ्हाइकाची, तिला हात लावायचा नाही. नळाजवळ उभी असेल ती खोलायची, कोणाला काही विचारायचं नाही. नियम बाबांच्या वेळचा. ‘ही खोलू का, ती खोलू का’ या प्रश्नांनी बाबांचं डोकं उठायचं, म्हणून त्यांनी एकदाच काय ते सांगून टाकलं आणि पुढे निवांत वारले. नियमाला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं.

आता अंगणात सावली होती ती नळाजवळच. त्याला वहिनी काय करणार?

चष्मेवाले बैठकीत येऊन बसले. उंच, थोडे वाकलेले, दुसऱ्याच्या डोळ्यांत डोकावून डोकावून वाकलेले असावेत तसे. त्यांनी बेबीकडे पाहिलं, बेबीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत क्लचच्या तारेवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या त्या दोघांना एकदम काहीच सुचेना.

‘रस्ता सापडला?’ बेबीनं विचारलं.

‘सापडला,’ चष्मेवाले म्हणाले.

हे बोलून झाल्यावर दोघांनी आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

दादा बैठकीत आलाच नाही. त्यानं पक्कडला निरोप घेऊन पाठवलं की आज कामाची फार गर्दी आहे. रविवारी कसली गर्दी, असं आई पुटपुटली, आणि मग आपल्याला ऐकू येत नाही हे आठवून गप्प बसली. पक्कड पाहुण्यांना नमस्कार करून, दोन बिस्किटं उचलून, मागच्या दारानं दादाकडे गेला. अंगणात काय झालं ते नंतर भांडणात इतक्या वेळा उगाळलं गेलं की बेबीला ते स्वतः पाहिल्यासारखं पाठ झालं. भंगारवाला रविवारी एक गाडी आणून टाकतो म्हणाला होता. नळाजवळ एक गाडी होती. पक्कड म्हणाला, दादा, ही चांगली दिसते रे. दादा म्हणाला, नळाजवळ आहे ना? पक्कड म्हणाला, इंजिन गरम आहे. दादा म्हणाला, ऊन आहे. आणि दादा रागात असला की त्याचा हात विलक्षण चालतो.

बैठकीत चष्मेवाल्यांनी आईला विचारलं, चष्मा जरा बघू का. आईचा चष्मा नाकावर गेली कित्येक वर्षं तिरका बसायचा. घरच्यांना वाटायचं आईची मानच तशी आहे. चष्मेवाल्यांनी खिशातून काडीएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला, एक स्क्रू आवळला, एक काडी वाकवली, काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. आईनं तो घातला, आधी वहिनीकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘हा तर बरा दिसतो,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लोकांनी मला काय काय सांगितलं होतं.’

एवढ्यात बेबीच्या मांडीवरचा फोन थरथरला. ग्रुपवर फोटो होता. गोणपाटावर ठेवलेला हेडलाइट. खरं म्हणजे अशा वेळी फोन बाजूला ठेवायचा असतो, पण बेबीची बोटं अशी की फोटो दिसला की ती आपोआप धावायची. दुधावर साय धरावी तितक्या आपोआप. शिवाय कोणाच्या तोंडाकडे बघायचं नसलं की फोनसारखा आधार नाही. तिनं पदराआड लिहिलं, ‘हेडलाइट. काच मूळची. कडेला बारीक चरा, रात्री त्रास होत नाही.’ भाव टाकला, बटण दाबलं.

चष्मेवाल्यांच्या खिशात टिंग झालं.

ते ओशाळले. बेबीनं काहीही नवीन टाकलं की आपल्या फोनवर घंटी वाजते, तसं लावून ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं आणि कान लाल करून घेतले. मग सवयीनं उघडून पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा खुलला.

‘हा मी घेतो,’ ते म्हणाले. ‘माझ्या गाडीला अगदी हाच आहे. एक जवळ असलेला बरा.’

‘अगदी हाच?’ आईनं विचारलं.

‘हुबेहूब. चरासुद्धा,’ ते म्हणाले आणि घंटी बंद करून फोन खिशात टाकला.

बेबीला बरं वाटलं. तिलाही तो हेडलाइट ओळखीचा वाटला होता. पण जुन्या पार्टांचं असंच असतं, सगळे एकमेकांच्या नात्यातले दिसतात. तिनं ‘विकला’ अशी खूण केली. तेवढ्यात सीट आली. आरसे आले, फोटोत पालथे. सायलेन्सर आला. बेबी एका डोळ्यानं पाहुण्यांकडे बघत हसत होती आणि दुसऱ्या डोळ्यानं विकत होती. मग दादाचा आवाजी निरोप आला. दादा आठवडाभर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्यामुळे तिला राहवेना. तिनं फोन कानाला लावला.

‘ही गाडी ज्याची होती ना, तो माणूस नीट असणार,’ दादा फोनमध्ये सांगत होता, आणि त्याच्या आवाजात चक्क मऊपणा होता. ‘एक नट घासलेला नाही. जिथे जितकं तेल हवं तिथे तितकंच. असा माणूस आता बघायला मिळत नाही. नीट लिही बरं का.’

बेबीचा जीव सुपाएवढा झाला. दादा निवळला म्हणायचा. तिनं सगळ्या वर्णनांखाली लिहून टाकलं, ‘मालकानं जिवापाड जपलेली.’

वहिनीनं चहा करायला म्हणून बेबीला आत बोलावलं. चहा केव्हाच झाला होता. वहिनीच्या कपाळावर आठी होती, आणि ती आठी शिवणयंत्राच्या जागेबद्दल नव्हती. तिनं दबक्या आवाजात विचारलं की तू गेल्यावर ते गिऱ्हाइकांना उत्तरं देणं कोणाच्या गळ्यात पडणार. बेबी म्हणाली, तुझ्या, अजून कोण आहे. वहिनी मटकन स्टुलावर बसली. मागे बेबी तापानं फणफणली होती तेव्हा तिनं दोन दिवस ते काम केलं होतं. एका गिऱ्हाइकानं ‘शेवटचा भाव काय’ विचारलं आणि वहिनीनं त्याला त्याच्या आईवडिलांनी काय वळण लावलं होतं इथपासून सुरुवात केली होती. त्यानं एक तारा देऊन सूड घेतला. तो तारा अजून दिसतो.

वहिनी चहा घेऊन बाहेर गेली तेव्हा तिचा पक्ष बदललेला होता. ट्रे ठेवता ठेवता ती चष्मेवाल्यांना म्हणाली की तुमचं शहर तसं लांबच पडतं, नाही का, आणि आमच्या बेबीला प्रवास सोसत नाही. बेबीला प्रवास करायला कोणी कधी पाठवलंच नव्हतं, तेव्हा सोसतो की नाही हे कोणाला कळणार. पण चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, रस्ता चांगला आहे. वहिनी म्हणाली, रस्त्याचं काय सांगावं. आई नीट बसलेल्या चष्म्यातून वहिनीकडे बघत राहिली. घरात बेबीच्या बाजूने म्हणून एक माणूस होतं, तेही ट्रेबरोबर गेलं.

पेट्रोलच्या टाकीचा फोटो आला तेव्हा तिनं तो धड पाहिलाही नाही. गडद हिरवी टाकी, एका बाजूला रंग उडालेला चट्टा. तेच लिहिलं आणि टाकली. वळणावरच्या गॅरेजवाल्यानं ती पापणी लवायच्या आत घेतली. त्याला कित्येक दिवस तशी टाकी हवी होती आणि तो राहायचा हाकेच्या अंतरावर. चहा संपत आला तोवर तो फाटकातून अंगणात जाऊन परतसुद्धा निघाला होता. बैठकीच्या खिडकीसमोरून जाताना त्यानं खांद्यावरची टाकी एका हातानं सावरली आणि दुसऱ्या हातानं बेबीला सलाम केला.

चष्मेवाल्यांनी कप अर्ध्यावर धरला.

‘माझ्या टाकीलाही असाच चट्टा आहे,’ ते कौतुकानं म्हणाले.

गॅरेजवाला फाटकाबाहेर पडला. चष्मेवाले अजून खिडकीकडेच बघत होते.

‘त्याच जागी आहे,’ ते जरा वेळानं म्हणाले.

बेबीनं फोन पालथा ठेवला. तिनं अगदी हळू विचारलं, ‘तुम्ही गाडी कुठे लावलीत?’

‘वहिनींनी सांगितलं तिथे. नळाजवळ.’

वहिनीच्या हातातून बशी पडली नाही, कारण तिनं ती आधीच खाली ठेवली होती; पण ती पडल्यावर होते तशी शांतता झाली. बेबी उठली आणि मागच्या दाराकडे चालू लागली. तिच्यामागून चष्मेवाले, त्यांच्यामागून वहिनी.

अंगणात गोणपाटावर हेडलाइट, सीट, आरसे, सायलेन्सर ओळीनं मांडलेले होते, शाळेत स्नेहसंमेलनाच्या फोटोला मुलं बसवतात तसे, मोठे मागे, लहान पुढे. मध्ये दादा उकिडवा बसून मागचं चाक सैल करत होता. समोर उरलेल्या गाडीकडे बघवत नव्हतं. दादानं मान वर केली. बेबीच्या शेजारी एक अनोळखी माणूस दिसला. चष्मेवाल्यांना त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. पाहायचंच नाही असं ठरवून तर तो अंगणात बसला होता.

‘माल न्यायला आलात?’ त्यानं धंद्याच्या अदबीनं विचारलं. ‘कोणता घेतलाय?’

‘हेडलाइट,’ चष्मेवाले म्हणाले. ते खरंच होतं.

दादानं हात पुसले, हेडलाइट उचलला, वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. ‘नशीबवान आहात,’ तो म्हणाला. ‘असा पुन्हा मिळायचा नाही. मालक फार नीट होता.’

‘होता?’ चष्मेवाल्यांनी विचारलं.

‘दादा,’ बेबी म्हणाली, ‘हे चष्मेवाले आहेत. आणि ही त्यांची गाडी आहे.’

दादानं पाना खाली ठेवला. मग उचलला. मग पक्कडच्या हातात दिला, जणू आत्तापर्यंत तो पक्कडच्याच हातात होता.

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, कारण पाहुणे समोर असल्यामुळे सगळे अत्यंत सौम्य आवाजात एकमेकांची सालं काढत होते. पक्कड म्हणाला, मी सांगितलं होतं इंजिन गरम आहे. दादा म्हणाला, नळाजवळ लावायला कोणी सांगितलं ते आधी बोला. वहिनी म्हणाली, नियम तुमच्या वडिलांचा, सावली देवाची, मी मध्ये कोण? चष्मेवाले हेडलाइट छातीशी धरून उभे होते आणि मध्येच म्हणत होते, असू द्या, होतं असं. असं कुठेच होत नाही हे त्यांच्यासह सगळ्यांना माहीत होतं. आई काठी टेकत बाहेर आली, सरळ झालेल्या चष्म्यातून गोणपाटावरची एकेक वस्तू तिनं पाहिली आणि निकाल दिला, ‘पाहुण्याची गाडी सोलून ठेवलीत.’

बेबीनं गॅरेजवाल्याला फोन लावला. टाकी त्यानं तिथल्या तिथे एका माणसाच्या गाडीला बसवली होती आणि तो माणूस गाडी घेऊन गावाला निघूनही गेला होता. बाकीचं सगळं परत बसवता येणार होतं. टाकी गेली ती गेली.

आता दादाला लाज वाटली. दादाला लाज वाटली की तिचा लगेच राग होतो. त्याच्यात ती दुसऱ्या कुठल्या रूपात टिकत नाही. पाहुण्यांवर काढता येईना, म्हणून तो बेबीकडे वळला.

‘बघितलंस? तू अंगणात असतीस तर एका नजरेत ओळखलं असतंस. तू आत खुर्चीत बसलीस म्हणून हे झालं. उद्या तू तिकडे लांब जाऊन बसलीस तर इथे काय होईल, याचा विचार केलास?’

पक्कडनं मान हलवली. वहिनीनं मान हलवली. बेबीला दिसलं की हे सगळं आता इथेच मिटणार. चष्मेवाल्यांना बसमध्ये बसवून देतील, दोन दिवस हळहळतील, आणि मग ग्रुपवर पुढच्या गाडीचे फोटो येतील आणि तिची बोटं धावतील. तिची बोटं अशीच धावत राहिली तर ती आईच्या वयाची होईपर्यंत धावतील. तिला इतकी भीती वाटली की त्या भीतीनंच तोंड उघडलं.

‘मी आत खुर्चीत बसून, चहा पिता पिता, न बघता अर्धी गाडी विकली,’ ती म्हणाली. ‘अंगणात पाऊल न ठेवता. ही खुर्ची इथे असली काय आणि त्यांच्या घरी असली काय, माझ्या विकण्याला काही फरक पडत नाही, हे आज सगळ्यांनी बघितलं.’

‘दुसऱ्याची गाडी विकलीस.’

‘विकली मी. खोलली तू. खोलायच्या आधी एकदा विचारायचं, एवढं तुला इथे राहून जमायला हवं. मी लांबून विकत राहीन. पण मला जायचं आहे.’

शेवटचं वाक्य बाहेर पडल्यावर तिला कळलं की ते आपण मोठ्यानं म्हटलं. चष्मेवाल्यांनी हेडलाइट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वहिनी लांबून विकण्याच्या मुद्द्यावर थबकली होती. तिच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाइकांची उत्तरं पुसट होऊन शिवणयंत्र पुन्हा दिसू लागलं होतं. बरोबरच बोलते ती, असं वहिनी नळाला म्हणाली. आणि शेवटी वहिनी बोलली होती, म्हणून पक्कडही म्हणाला, बरोबर आहे.

दादा एकटा पडला. तरी त्यानं त्याचा जुना मुद्दा काढलाच. ‘या माणसाची तुला माहिती काय आहे?’

बेबीनं फोन काढला, आवाज मोठा केला आणि बटण दाबलं. अंगणात दादाचाच आवाज घुमला: ही गाडी ज्याची होती ना, तो माणूस नीट असणार. एक नट घासलेला नाही. असा माणूस आता बघायला मिळत नाही.

सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. दादानंही ऐकलं, परक्याचं बोलणं ऐकावं तसं, डोकं एका बाजूला कलवून.

‘मी गाडीबद्दल बोललो होतो,’ तो म्हणाला.

‘गाडीबद्दल कुठे,’ आई म्हणाली. ‘माणूस म्हणालास. मला स्वच्छ ऐकू आलं.’

दादानं पक्कडच्या हातातून पाना परत घेतला आणि मागच्या चाकाशी जाऊन बसला. थोड्या वेळानं चष्मेवाले हेडलाइट खाली ठेवून त्याच्या शेजारी बसले. दादा हात पुढे करी आणि चष्मेवाले न विचारता हवा तो नट त्या हातावर ठेवत. दोनदा तसं झाल्यावर दादानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला. बेबी दारात बसून बघत होती. आत्तापर्यंत विकलेल्या गोष्टींवर ‘विक्री रद्द’ लिहायचं काम तिच्याकडे होतं. ते तिनं जरा बाजूला ठेवलं.

सगळं जागच्या जागी बसलं. फक्त सीटच्या पुढे, जिथे टाकी असते तिथे, आरपार मोकळं आकाश दिसत होतं. दादा उठून शेडमध्ये गेला आणि स्वतःची गाडी ढकलत घेऊन आला. एकाच कंपनीची, थोडी नंतरची. त्यानं सीट काढली, नळी सोडवली, बोल्ट काढला आणि स्वतःची लालभडक टाकी उचलून चष्मेवाल्यांच्या गाडीवर बसवली. खाली एक रबर जादा द्यावं लागलं. काळ्या सांगाड्यावर ती टाकी असली विचित्र दिसत होती की पक्कड हसू दाबायला नळावर तोंड धुवायला गेला.

‘ही टाकी मला परत हवी आहे,’ दादा म्हणाला.

चष्मेवाले म्हणाले, दुसरी मिळाली की लगेच कुरियरनं पाठवतो.

‘कुरियरनं नको. ठोके बसतात. स्वतः घेऊन या.’

‘केव्हा येऊ?’

दादानं पान्याला लागलेलं तेल बराच वेळ पुसलं. ‘हिला न्यायला याल तेव्हा,’ तो म्हणाला, आणि आत जाऊन थंड झालेला चहा प्याला.

चष्मेवाले गेले तेव्हा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला सगळे आले. ते वळणावर दिसेनासे झाले तरी लाल टाकी जराशी मागे राहून दिसत होती असं आईचं म्हणणं. बेबी आत गेली आणि एकेका गिऱ्हाइकाला लिहीत बसली, ‘माफ करा. हा माल मालकाकडेच राहणार आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बिनटाकीची गाडी शेडमध्ये ठेवून भंगारबाजारात पायी गेला. बाजार चांगलाच लांब होता आणि ऊन कालच्याइतकंच होतं. परत आला तो घामानं निथळत, एका पायाला फोड घेऊन, आणि उंबऱ्यावर टेकून चपला काढायच्याही आधी त्यानं आईला विचारलं, लग्न याच महिन्यात उरकून घेतलं तर कसं.